गरम झाला की बंद पडणारा जुना पिकअप : आधी झाकण, शेवटी कार्बोरेटर

सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होतो. पंधरा-वीस मिनिटं छान पळतो. मग एखादा चढ लागला, किंवा गोव्यात रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीसाठी रांगेत दहा मिनिटं थांबावं लागलं, की खेळ संपला. सेल्फ फिरतो, इंजिन पेटत नाही. अर्धा तास सावलीत उभा केला की जसं काही झालंच नव्हतं अशा थाटात पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये नेईपर्यंत बरा झालेला असतो. मेस्त एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "काही नाही हो याला."

जुना पेट्रोल पिकअप दुरुस्त करून उभा करायचा म्हणून विकत घेतला, की पहिल्याच महिन्यात हे दुखणं भेटतं. माझे स्वतःचे दोन आणि मित्रांचे, नातेवाइकांचे धरून अकरा गाड्यांवर मी हे काढलंय. सगळ्या जीपच्या वंशातल्या किंवा त्याच काळातल्या: कार्बोरेटर, पॉइंट-कंडेन्सर (प्लगला ठिणगी देणारी जुनी यंत्रणा), आणि इंजिनावर चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप. तुमच्या पिकअपमध्ये कोणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असेल, तर इथलं फारसं काही लागू होणार नाही.

लक्षणं

"बंद पडतो" एवढ्यावर काही कळत नाही. कसा बंद पडतो, ते बघा.

सटकन, कोणी चावी फिरवल्यासारखा बंद पडत असेल तर बहुतेक करंट तुटतोय.

आधी दम लागतो, झटके खातो, एक्सलरेटर दाबला की अजूनच मरतो, आणि चोक थोडा ओढला की दोन मिनिटं सावरतो, तर पेट्रोल कमी पडतंय. चोकने सावरणं ही फार मोलाची खूण आहे, ती विसरू नका.

चालताना काही नाही, पण गरम असताना थांबवून दहा मिनिटांनी चालू होत नाही आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येतो, तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून खाली वाहिलंय. हा सर्वांत सौम्य प्रकार. एक्सलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. उठतो.

टाकी फुल्ल असताना लवकर बंद पडतो आणि अर्धी असताना उशिरा? विचित्र वाटेल, पण हे टाकीच्या झाकणाचं लक्षण आहे. कारण खाली येईल.

आणि एक गोष्ट पडताळून बघा. चतुर्थीच्या आसपास, भर पावसात, गार हवेतही तो तेवढ्याच मिनिटांनी बंद पडतो का? पडत असेल तर दोष उष्णतेचा नाही, वेळेचा आहे. आपण सगळे "गरम झाला, गरम झाला" म्हणत राहतो आणि चुकीच्या जागी हात घालतो.

तापमानाचा काटा वर जातोय, रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय, मागून पांढरा धूर येतोय, यातलं काही असेल तर इथेच थांबा. ते वेगळं दुखणं आहे, हेड पॅकिंगपर्यंत जाणारं. गाडी ओढून न्या.

पुरावा थंड होतो

माझा पहिला पिकअप सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) आणला. आठ वर्षं सुपारीच्या खोपीशेजारी उभा होता. विकणाऱ्याने देवळापर्यंत नेऊन परत आणला, पाच मिनिटांची फेरी, इंजिनाचा आवाज गोड. पैसे दिले, निघालो, आणि वाळपईहून येताना होंड्याच्या अलीकडेच तो मेला. (होंडा हे सत्तरीतलं गाव आहे, कंपनी नव्हे. या वाक्यावर माझी भरपूर थट्टा झालीय.) त्यानंतर तीन महिने मी कार्बोरेटर खोलला, धुतला, पुन्हा खोलला, मग नवा घेतला. कॉइल बदलली. पंप बदलला. प्रत्येक वेळी गाडी अंगणात उत्तम चालायची आणि रस्त्यावर दगा द्यायची.

चूक एवढीच होती की मी नेहमी बरी असलेली गाडी तपासत होतो. हा दोष फक्त गाडी बंद पडल्यावरच्या दहा मिनिटांत दिसतो. इंजिन निवलं की पुरावाही निवतो. म्हणून खालचे पहिले काही तपास घरी करायचे नाहीत, जिथे बंद पडेल तिथेच, त्याच क्षणी करायचे. त्यासाठी गाडीत हे ठेवा: प्लगचा पाना, इन्सुलेशनवाली पक्कड, टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना चिमटे असलेली मीटरभर वायर, फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), एक कंडेन्सर, पाण्याची बाटली, फडकी, चाकामागे लावायला लाकडाचा ठोकळा, आणि कोरड्या पावडरचं अग्निशामक. शेवटची वस्तू नसेल तर बाकीच्याही नेऊ नका.

टाकीचं झाकण (फुकट)

बंद पडताक्षणी उतरा आणि टाकीचं झाकण उघडा. कान जवळ ठेवा. "स्स्स" असा हवा आत जाण्याचा आवाज आला तर निम्मं काम झालं.

पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी जुन्या झाकणाला बारीक भोक असतं किंवा टाकीला वेगळी श्वासनळी असते. ती बंद झाली की आत निर्वात तयार होतो आणि एका क्षणी पंपाला तो ओढवत नाही. टाकी फुल्ल असली की आत हवेची जागा थोडी, म्हणून निर्वात लवकर तयार होतो. अर्धी टाकी असली की जास्त वेळ निभावतं. बंद पडल्यावर हवा कुठून तरी हळूहळू शिरते, दाब समान होतो, गाडी पुन्हा चालू. इंजिन निवलं म्हणून नव्हे.

आमच्याकडे श्वासनळी बुजायचं ठरलेलं कारण म्हणजे कुंभारमाशी. खोपीत उभ्या गाडीची नळी म्हणजे तिला आयतं बिऱ्हाड. चिखलाने लिंपून टाकते. दुसरं कारण माणसाचं: मूळ झाकण हरवलं म्हणून ट्रॅक्टरचं किंवा कुठलंतरी बसतं ते झाकण लावलेलं. माझ्या गाडीला तेच होतं. तीन महिन्यांनंतर शेजारच्या एका निवृत्त ड्रायव्हरकाकांनी गाडीकडे नुसतं बघून सांगितलं, "आदीं टाकयेचें धांपणें काडून पळय रे." (आधी टाकीचं झाकण काढून बघ रे.) उघडलं, सुस्कारा ऐकू आला, आणि मला नव्या कार्बोरेटरची किंमत आठवली.

खात्रीसाठी झाकण अर्धं सैल ठेवून वर फडकं बांधा आणि तीच वाट पुन्हा जा. बंद पडला नाही तर झाकण बदला. सैल झाकणाने रोज फिरू नका, वळणावर पेट्रोल सांडतं.

करंट की पेट्रोल? (फुकट, दोन मिनिटं)

झाकणाने फरक पडला नाही तर आता एकच प्रश्न. आधी करंट बघा, मग पेट्रोल, हा क्रम उलटा करू नका. पेट्रोलची नळी सोडल्यावर ठिणगी पाडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

कॉइलहून डिस्ट्रिब्युटरच्या मध्यभागी येणारी जाड वायर काढा, पक्कडीने धरून तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळी, केसासारखी बारीक, किंवा नाहीच, तर दोष विजेचा. बॉनेटखाली पेट्रोलचा वास असेल तर हा प्रयोग करायचाच नाही.

ठिणगी चांगली असेल तर वायर परत लावा, एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या गळ्यात डोकावा आणि हाताने एक्सलरेटरचा दांडा ओढा. एक्सलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची बारीक पिचकारी दिसायला हवी. नाही दिसली तर फ्लोटची वाटी (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं ती) रिकामी आहे, म्हणजे पेट्रोल पोचतच नाही.

सेल्फबद्दल एक सूचना: दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. घाटात उभं राहून बॅटरी संपवलेले लोक मी ओढून आणलेत.

करंट तुटत असेल तर

पहिल्यांदा तारा. बॅटरीची अर्थ वायर, इंजिन आणि चेसिसमधली अर्थची पट्टी, कॉइलवरची दोन टोकं, इग्निशन स्विचमागची जोडणी. खाऱ्या हवेने आणि पावसाळ्याने यांवर हिरवट कळंक चढतो. थंड असताना करंट कसाबसा जातो, गरम झाल्यावर सांधा सैलावतो. खोला, घासा, घट्ट करा, वर थोडी पेट्रोलियम जेली लावा. खर्च शून्य.

मग चिमट्यांची वायर. बॅटरीच्या धन टोकापासून थेट कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला जोडा. (काही फार जुन्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक अर्थ केलेलं असतं, तिथे ऋण टोकापासून.) इंजिन लगेच उठलं तर कॉइल निर्दोष, स्विच किंवा मधली वायर दोषी. ही वायर लावलेली असताना चावी बंद करून इंजिन थांबत नाही, हे ध्यानात ठेवा. घरी गेलात की पहिली ती काढा.

नंतर कॉइल. बाटलीतलं पाणी ओतून फडकं ओलं करा, पिळा, कॉइलभोवती गुंडाळा, पाच मिनिटं थांबा. वरच्या जाड वायरच्या टोकाला पाणी लागू देऊ नका. इंजिन लगेच उठलं तर कॉइलच गरम होऊन मरतेय. पण नवी कॉइल घेण्याआधी जुनी का मेली, ते शोधा, नाहीतर नवीही मरेल. कारण नेहमी यातलं एक. पहिलं, जुनी ६ व्होल्टची गाडी कोणीतरी १२ व्होल्टवर आणली आणि कॉइल तीच ठेवली. दुसरं, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा रोधक) लागणारी कॉइल बॅलास्टशिवाय बसवली. मल्टिमीटरने प्रायमरीची दोन टोकं (कॉइलवरची बारीक वायरींची) मोजा: बॅलास्ट न लागणारी १२ व्होल्टची कॉइल साधारण ३ ओम दाखवते, बॅलास्टवाली दीड ओमच्या आसपास. दीड ओमच्या कॉइलला थेट १२ व्होल्ट दिले तर दुप्पट करंट वाहतो; कॉइल भाजते आणि पॉइंटही जळतात. तिसरं, इंजिन बंद असताना चावी चालू राहिली. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर कॉइलमधून सतत करंट वाहत राहतो. मित्राच्या मुलाने रेडिओ ऐकायला अर्धा तास चावी चालू ठेवली होती, एवढंच.

कॉइल इंजिनावर, एक्झॉस्टच्या शेजारी बसवलेली असेल तर केबिनच्या पत्र्यावर हलवा.

शेवटी कंडेन्सर. शे-दोनशे रुपयांची वस्तू, पण सर्वाधिक फसवणारी. पॉइंट उघडतात त्या क्षणी तिथे ठिणगी उडू नये म्हणून कंडेन्सर तो झटका शोषून घेतो आणि कॉइलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं. त्यातूनच प्लगला मोठा व्होल्टेज मिळतो. आतला कंडेन्सर उष्णतेने गळायला लागला की ठिणगी पिवळी पडते. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट बघा. निळसर जळालेले, एकावर खड्डा नि दुसऱ्यावर टेकडी, असे दिसले तर कंडेन्सर बदला. पॉइंट घासा किंवा बदला आणि फट फिलर गेजने साधारण ०.५ मिलिमीटर ठेवा. प्लगची फट ०.७५. चालू असलेला जुना कंडेन्सर फेकू नका, ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा. हल्लीचे नवे डब्यातूनच मेलेले निघतात, आणि मग माणूस "कंडेन्सर तर बदललाय" म्हणत पुढचे चार भाग बदलत बसतो.

डिस्ट्रिब्युटर खोलताना तारांची अदलाबदल झाली तर: जीपच्या हरिकेन इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे. झाकण काढण्याआधी फोनवर फोटो काढा म्हणजे हे पाठ करावं लागणार नाही.

पेट्रोल पोचत नसेल तर

अकरापैकी आठ गाड्यांचा दोष इथे निघाला. म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी रबराच्या नळ्या. टाकी ते पंप हा भाग ओढीचा आहे, दाबाचा नाही. या भागात नळीला चीर गेली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर एक थेंब दिसणार नाही आणि पंप मात्र बुडबुडे ओढत बसेल. इंजिन गरम झालं की मऊ पडलेली नळी ओढीने आतून चपटी होते, तेही बाहेरून कळत नाही. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या रबराला ते मानवत नाही. आतला थर सुटतो आणि झडपेसारखा आडवा येतो. सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, क्लॅम्पसकट. पाचशे-सातशे रुपयांत होतं. दोष दुसरा निघाला तरी हे पैसे वाया जात नाहीत.

मग फिल्टर. काचेची वाटी असेल तर काढून बोटाने तळ पुसा. तांबूस पावडर लागली तर टाकी आतून गंजलीय. डिचोली-साखळीच्या बाजूचे लोक म्हणतील, खाणीची धूळ असेल. शंका राहिली तर टाकीत टॉर्चचा उजेड टाकून बघा. गंज लपत नाही.

यानंतरचा तपास मला सर्वांत आवडतो. भंगारातून स्कूटरची जुनी टाकी आणा, कॉक चालू असलेली. धुवून तिच्यात दोन लिटर पेट्रोल भरा. गाडी अंगणात उभी, अग्निशामक हाताशी, टाकी चाकाच्या बाजूला जमिनीवर. केबिनमध्ये नाही, एक्झॉस्टजवळ नाही. पंपाकडे येणारी मूळ नळी सोडा आणि तिथे ही जोडा. इंजिन चालू करून पाऊण तास चालवा. टाकी वर टांगायचा मोह होतो, तो टाळा: वरून पेट्रोल आपोआप उतरलं तर कमजोर पंपही पास होतो. पाऊण तासात बंद पडला नाही तर मूळ टाकी किंवा तिथून येणारा पाइप दोषी. पडला तर पंप किंवा उष्णता. एका दुपारी निम्मी गाडी आरोपमुक्त होते. रस्त्यावर मात्र ही टाकी लावून जायचं नाही.

पंप. स्विचहून कॉइलकडे येणारी वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत धरा, सेल्फ मारा. प्रत्येक फेऱ्याला जाड धार यायला हवी. फेस आला तर कुठेतरी हवा शिरतेय. धार बारीक असेल तर डायफ्राम (पंपातला पडदा) किंवा आतल्या झडपा गेल्या. किट मिळतं, इथेनॉलला चालणारा डायफ्राम मागून घ्या. पंप खोलण्याआधी मात्र ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली असेल तर डायफ्राम फाटून पेट्रोल खाली इंजिनात उतरतंय. अशा वेळी इंजिन एकदाही चालू करायचं नाही. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं जातात, आणि खालच्या वाफेला आग लागू शकते.

उष्णता. हो, कधी कधी खरोखर तीच असते. हरिकेन इंजिनात, म्हणजे २१९९ सीसीच्या, इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असलेल्या त्या इंजिनात, पेट्रोल पंप आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. चढावर हळू चालताना पंख्याची हवा कमी, एक्झॉस्ट तापलेला, आणि नळीत पेट्रोलऐवजी वाफ. पंप द्रव ढकलायला बनवलाय, वाफ ढकलायला नाही. बंद पडल्यावर पंपावर ओलं फडकं टाकून गाडी उठली तर उपाय तीन: पाइप एक्झॉस्टपासून लांब वळवा, मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा लावा, कार्बोरेटरखालचं उष्णतारोधक जाड पॅकिंग शाबूत आहे का बघा. पाइपला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. लावा, गाडी शोभून दिसते.

इलेक्ट्रिक पंप बसवून मोकळं होण्याचा मोह अनेकांना होतो. यांत्रिक पंपाचा दाब साधारण अडीच ते पावणेचार पीएसआय. बाजारातले बरेच इलेक्ट्रिक पंप त्याहून जोरकस असतात आणि कार्बोरेटरची सुई उचलून पेट्रोल वाहू देतात. शिवाय अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओतत राहतो. बसवायचाच तर कमी दाबाचा, आणि ऑइलचा दाब गेला की बंद होणारा स्विच लावून.

टाकी

आता टाकी खाली उतरवायची. अर्धा दिवस जातो.

आत पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला जाळी असते. गंजाचा एखादा पापुद्रा, सुकं पान, जुन्या सीलंटचा तुकडा पेट्रोलात तरंगत असतो. इंजिन चालू असताना ओढीने तो जाळीवर जाऊन चिकटतो, पेट्रोल कमी पडतं, इंजिन मरतं. ओढ थांबली की तो सुटतो आणि तळाला बसतो. अर्ध्या तासाने गाडी पुन्हा चालू. आता सांगा, यात उष्णता कुठे आली? माझ्या गाडीचा उरलेला अर्धा दोष हाच होता: झाकण बदलल्यावर वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटांनी बंद पडायला लागली, आणि टाकीतून तळहाताएवढा पापुद्रा निघाला.

घाटात घर गाठायचं असेल तर पंपाकडची नळी सोडून तोंडाने किंवा हवेच्या हातपंपाने टाकीच्या दिशेने फुंका, झाकण उघडं ठेवून. तोंडाने ओढायचं नाही, फुंकायचं. त्यानंतर गाडी बरोबर तेवढीच मिनिटं चालून पुन्हा बंद पडली, तर दुसरा पुरावा नको.

हलका गंज असेल तर टाकीत मूठभर बारीक नट-बोल्ट घालून हलवा, ओता, मग लिंबूसत्त्वाचं गरम पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि ताबडतोब सुकवा. हे काम मार्च-एप्रिलमध्ये करा. जुलैत धुतलेली टाकी सुकेपर्यंत पुन्हा लाल होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात हा हट्ट धरू नये. माडाचं व्हिनेगर चालेल का, असं मला दोनदा विचारलं गेलंय. चालेल, पण ते सोरपोतेलासाठी ठेवा. आमसुलाने कार्बोरेटरचे पितळी जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) मात्र झकास उजळतात.

आतून रंगासारखा सीलर लावण्याच्या मी विरोधात आहे. गंज पूर्ण निघालेला नसेल तर दोन वर्षांत त्याचेच पापुद्रे सुटतात आणि तुम्ही परत पहिल्या जागी येता.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्ध्या टाकीत दमट हवा शिरते, इथेनॉल तिच्यातलं पाणी पितं, आणि प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. नळी तिथूनच ओढते.

कार्बोरेटर

सगळे इथून सुरुवात करतात, म्हणून मी तो शेवटी ठेवलाय. वर काहीच सापडलं नाही तरच खोला. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय का (कानाजवळ हलवा), सुई अडकते का, जेटमध्ये वार्निशसारखा थर आहे का, एवढं बघा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हवेने फुंका.

अजून विकत घेतला नसेल तर

देवळापर्यंतची फेरी नको. पाऊण तास मागा, त्यात एक चढ असू द्या, फर्मागुडीचा असला तरी चालेल. वर पोचल्यावर इंजिन बंद करा, दहा मिनिटं गप्पा मारा, मग सेल्फ मारा. विकणारा "आता कशाला बंद करता" म्हणाला तर उत्तर मिळालं. हा दोष असूनही गाडी घ्यायला हरकत नाही, वरचं सगळं मिळून फार खर्चाचं नाही. पण किमतीत तो उतरवून घ्या. चेसिस सडलेली असेल तर मात्र इंजिन कितीही गोड चालो, नको.

अनेक जुन्या पेट्रोल गाड्यांत याच कटकटीला कंटाळून मालकांनी डिझेल इंजिनं बसवली. व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची तुमची इच्छा असेल तर इथे जपा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तिच्यातून नारळ बाजारात न्यायचा बेत असेल तर ही नोंदणी तुमच्यासाठी नाही. 'जीडी'ने सुरू होणारा, गोवा-दमण-दीव काळातला नंबर असेल तर आरसी पुस्तकातला इंजिन क्रमांक आणि ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक पैसे देण्याआधी जुळवा.

कुठे थांबायचं

टाकीला भोक पडलं असेल तर वेल्डिंगचा विचारही घरी करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोकादायक, आत वाफ असते. टाकी वाफेने धुवून काम करणारा माणूस शोधा, नाहीतर नवी बनवून घ्या.

ऑइलमध्ये पेट्रोल, एक्झॉस्टवर पेट्रोलची गळती, जळालेली वायर: गाडी ओढून गॅरेजला.

करंट चांगला, पेट्रोल भरपूर, तरी गरम झाल्यावर दम जातो, असं असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) थंड आणि गरम असताना मोजून घ्यावं लागेल. टॅपेटची (वॉल्व्ह उचलणाऱ्या भागाची) फट फार कमी झाली की गरम झालेला एक्झॉस्ट वॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. हरिकेनसाठी थंड असताना इनटेक ०.०१८ आणि एक्झॉस्ट ०.०१६ इंच. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूच्या झाकणाआड, अडचणीत आहेत; पहिल्यांदा करत असाल तर जुन्या जीपवर हात बसलेल्या मेस्ताकडून करून घ्या, शेजारी उभं राहून बघा. त्याला गाडी देताना "गरम झाला की बंद पडतो" एवढंच सांगू नका. किती मिनिटांनी, ठिणगी कशी होती, पिचकारी दिसली का, झाकण उघडल्यावर काय झालं, ते कागदावर लिहून द्या. त्याचे दोन दिवस आणि तुमचे पैसे वाचतील.

दुरुस्ती झाली असं वाटलं की केरीहून चोर्ला घाट चढा, मागून कोणाला तरी दुसऱ्या गाडीने येऊ द्या. वर पोचल्यावर बॉनेट न उघडता गाडी बंद करा, चहा घ्या, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, आणि मग चोक न ओढता सेल्फ मारा.